धुण्याच्या कोष्टकातला चौथा रकाना

माझ्यासारख्यानं आठवणी लिहायला बसावं, हे मलाच आगाऊपणाचं वाटतं आहे. ज्यांनी तुरुंग पाहिले, ज्यांनी मोर्च्यांत लाठ्या खाल्ल्या, त्या वर्षांबद्दल त्यांनी लिहावं. मीही तेव्हा मुंबईतच होतो, लालबागला, म्हणजे सगळ्याच्या अगदी मध्यावर. पण संयुक्त महाराष्ट्राच्या त्या सगळ्या धामधुमीत माझ्यावर अशी एकच जबाबदारी आली, आणि ती कपडे धुण्याचं यंत्र निवडण्याची होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्याआधी आमच्याकडे लिहिणं म्हणजे गावाला पाठवायचं पोस्टकार्ड. कॉलेजातल्या प्रयोगवह्या सोडल्या तर मीही मन लावून एकच गोष्ट लिहिली, ती म्हणजे त्या यंत्राबद्दलचा चार पानांचा अहवाल. त्याच्याबद्दलच सांगणार आहे. काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. अहवालाच्या शेवटीही मी असंच लिहिलं होतं आणि तेव्हा सगळ्यांनी फारच सांभाळून घेतलं.

माझी आई गिरगावात एका वकिलांकडे धुणं धुवायची. वकिलांचं घराणं मुंबईतलं जुनं. त्यांच्या आजोबांच्या मालकीची तिथं अख्खी वाडी होती म्हणत. आता दुसऱ्या मजल्यावरच्या पाच खोल्या आणि ते सांगणं, एवढंच उरलं होतं. माणसं भली होती. आई नऊ वर्षं त्या घरी जात होती. वडील गिरणीत होते, पण त्यांचा पगार घरात आणि गावाला संपायचा. माझी पुस्तकं, माझ्या परीक्षेचे फॉर्म हे सगळं त्या धुण्यातून यायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. मी वर्गात शिरताना माझा शर्ट आमच्या अख्ख्या चाळीत नसेल इतका पांढरा असायचा, कारण त्याला वकिलांच्या घरची नीळ असायची.

वकीलसाहेब चळवळीतले होते. सभांना जायचे, ठरावांचे मसुदे करायचे. एकदा सत्याग्रहात पकडले जाण्याच्या तयारीनं ते घरून निघाले होते. बरोबर पिशवीत खादीच्या कपड्यांचे दोन जोड, टॉवेल आणि खोकल्याचं औषध. पण त्या दिवशी पोलिसांची गाडी रांगेत त्यांच्या चार माणसं अलीकडेच भरली, आणि साहेब चहाच्या वेळेला घरी परत आले. त्यानंतर ते दोन जोड कपाटात तयारच असायचे. न वापरलेले पांढरे कपडे पिवळे पडतात, म्हणून आई ते महिन्यातून एकदा काढून धुवायची, खळ घालायची आणि घडी करून परत ठेवायची. घरात त्यांना ‘जेलचे कपडे’ म्हणत.

दर शनिवारी दुपारी मी साहेबांकडे पुस्तकं आणायला जायचो. ती कायद्याची आणि इतिहासाची असत आणि मी होतो इंटर सायन्सला, पण एवढ्या मोठ्या माणसाला नको कसं म्हणायचं? अशाच एका शनिवारी साहेबांनी माझ्यापुढे तीन माहितीपत्रकं टाकली. दोन गुळगुळीत, रंगीत, इंग्रजी होती आणि एक सायक्लोस्टाइल केलेलं, मराठी. त्यांच्या दादरच्या बहिणीनं धुण्याचं यंत्र घेतलं होतं, त्यामुळे आता गिरगावातही ते यायचं घाटत होतं.

“तू सायन्सचा ना?” साहेबांनी विचारलं.

मी हो म्हटलं, पण इंटरचा, असंही पुढे जोडलं. उगीच गैरसमज नको.

“मग नीट अभ्यास कर. खात्रीचं पाहिजे आणि खर्चाला परवडणारं पाहिजे. दिखाऊ नको. आणि मला लेखी दे.”

आतून बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, म्हणाल्या, “पंधरा दिवसांत दे रे बाबा. नाहीतर यांची एखादी परिषद येईल आणि हेही राहून जाईल.”

लेखी दे, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. एका वकिलाला माझं मत हवं होतं! जिना उतरताना माझे पाय जमिनीला लागत होते की नाही, मला आठवत नाही. ट्राममध्ये खिडकीशी जागा मिळाली तेव्हा मी पहिलं माहितीपत्रक उघडलं. त्यात उंच टाचांचे बूट घातलेली एक मडम यंत्राशेजारी खुर्चीवर बसून मासिक वाचत होती. खाली एक वाक्य होतं. मी ते तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा इंग्रजी म्हणून, तिसऱ्या वेळी अर्थ कळला म्हणून. यापुढे धुणाऱ्या बाईची वाट पाहायला नको, असं ते सांगत होतं.

धुणारी बाई त्या वेळी आमच्या खोलीत भाकऱ्या थापत असणार.

भायखळा येईपर्यंत मला सगळं स्पष्ट झालं होतं. यंत्र आलं की आईचं काम गेलं. आणि कोणतं यंत्र यायचं ते मी ठरवायचं होतं. तेव्हा एक विचार मनात आला, तो प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. तिघांतलं सगळ्यांत टाकाऊ यंत्र सुचवावं, महिन्याभरात ते बंद पडेल आणि आईला पुन्हा बोलावणं येईल, असा तो विचार होता. मी तसं करणार नव्हतो. पण लालबागला उतरेपर्यंत तो माझ्याबरोबर होता.

घरी गेल्यावर मी आईला सांगायला फार वेळ लावला. आधी दादरच्या बहिणीचं सांगितलं, मग विज्ञानाच्या प्रगतीचं. आमच्या घरात मालवणी बोलतात आणि विज्ञानाची प्रगती मालवणीत नीट सांगता येत नाही. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “माका ठावक आसा.”

म्हणजे बाईंनी तिला आधीच सांगितलं होतं. तिनं हात पुसले, ते रंगीत माहितीपत्रक घेतलं, आणि त्या मडमेकडे न बघता यंत्राच्या वर बसवलेल्या दोन रबरी रुळांवर बोट ठेवलं.

“ह्या पिळता मा?”

मी सांगितलं की हो, हे दोन रूळ फिरतात, कपडा मधून जातो आणि पाणी निघतं. तिनं पुन्हा विचारलं, पलंगपोससुद्धा? मी म्हटलं, लिहिलंय तरी तसं. ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मला वाईट वाटलं. नऊ वर्षांच्या कामातली एकेक गोष्ट ते यंत्र तिच्या हातातून कशी काढून घेतं आहे, हेच ती बघते आहे, असं मी समजलो. मग ती म्हणाली, “तू खरा काय ता लिही. माझ्याकडे बघून काय एक लिहू नको.”

एवढ्या मोठ्या मनानं सांगितल्यावर माझ्यावरची जबाबदारी आणखीच वाढली.

मी पद्धतशीर कामाला लागलो. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की आधी उद्देश, मग साहित्य, मग कृती, निरीक्षण, कोष्टक आणि निष्कर्ष. उद्देश साहेबांनी दिलाच होता. पहिलं यंत्र अमेरिकन, विजेवर चालणारं, रुळांचं. ते फोर्टातल्या एका दुकानात होतं. मी माझी एकुलती एक पँट घालून गेलो. दुकानातल्या माणसानं आधी मला शिपायाच्या जागेसाठी आलेला समजून मागच्या दारानं यायला सांगितलं. मी मागच्या दारानं गेलो आणि तिथून माहिती विचारली. त्यानं चार रुमाल टाकून यंत्र फिरवून दाखवलं. रुमाल स्वच्छच होते, ते तसेच स्वच्छ बाहेर आले.

यंत्रात एका वेळी आठ पौंड कपडे मावतात, असं माहितीपत्रकात होतं. आमच्याकडे लुगड्याचं वजन कोणाला ठाऊक असणार? मी आदल्या दिवशीच चाळीखालच्या वाण्याकडे जाऊन आईचं एक नऊवारी लुगडं तांदळाच्या तराजूत घातलं होतं. वाण्यानं विचारलं, गहाण ठेवायचं आहे का. मी म्हटलं, नाही, अभ्यास आहे. तेच लुगडं मी पिशवीतून दुकानात नेलं होतं. रुमालांवरून निष्कर्ष काढणं मला बरोबर वाटेना, म्हणून मी ते यंत्रात घालून बघायची विनंती केली. दुकानदाराचा माणूस म्हणाला, यात शर्ट घालतात, चादरी घालतात, फ्रॉक घालतात. मी म्हटलं, आमच्याकडे फ्रॉक नाहीत. शेवटी मला घालवण्याच्या इराद्यानं त्यानं ते आत टाकलं. मधल्या दांड्याला लुगड्याचा पदर गुंडाळला, मग बाकीचंही सगळं गुंडाळलं, यंत्र एकदा कण्हलं आणि थांबलं. नऊ वार कापड उलट्या दिशेनं सोडवता सोडवता त्या माणसाचा टाय आत भिजला. मी वहीत लिहिलं: लुगड्यास अनुकूल नाही. यंत्रातला भाग मोडला तर काय, असं विचारल्यावर तो म्हणाला की अमेरिकेला लिहावं लागतं. उत्तर यायला किती वेळ लागतो, हे विचारायचं मला त्याच्या चेहऱ्याकडे बघून धैर्य झालं नाही.

दुसरं यंत्र विलायती होतं. ते अजून बोटीवर होतं. त्याबद्दल दुकानदारांचं मत फार चांगलं होतं.

तिसऱ्यासाठी मी रे रोडला गेलो. लाकडाच्या वखारींमागे एका शेडमध्ये एक मराठी कारागीर हातानं फिरवायचं यंत्र बनवत होता. तेलाचं पिंप, त्याला सायकलची साखळी आणि एक दांडा. साहेबांचा ओढा या यंत्राकडे आहे हे मला माहीत होतं, कारण त्याच्या माहितीपत्रकात यंत्रापेक्षा मराठी माणसाच्या उद्योगशीलतेबद्दल जास्त मजकूर होता. मी गॅरंटीचं विचारलं. तो म्हणाला, “मी इथंच असतो की.” गंज चढेल का, विचारलं. तो म्हणाला, मुंबईसकट महाराष्ट्र होऊ द्या, मग पोलादाचं पिंप घालतो. त्यानं मला चहा पाजला. त्याचं मन मोडू नये म्हणून मी वहीत ‘गंज’ असं न लिहिता ‘पिंपाचा रंग तांबूस’ असं लिहिलं.

तीन यंत्रांची माहिती झाली, पण तुलना कशाशी करायची? प्रयोगात कोणतीही गोष्ट मोजताना पाया धरावा लागतो, हे आमचे सर नेहमी सांगत. इथं पाया होता तो सध्याची पद्धत. म्हणजे आई. ही कल्पना सुचली तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. एका वर्गमित्राचं मनगटी घड्याळ मी एका दिवसासाठी मागून घेतलं आणि रविवारी सकाळी आईबरोबर गिरगावला गेलो.

वकिलांच्या मागच्या गॅलरीत मोरी होती, तिथं धुण्याचा दगड होता. मी दारात स्टूल घेऊन बसलो. नऊ वर्षं आई काय करते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पण बघितलं म्हणणंही बरोबर नाही, मी ते टिपून घेतलं. कपडे भिजवणे, अमुक मिनिटं. साबण, अर्ध्या वडीला थोडा कमी. सोडा, एक मूठ. धोपटण्याचे फटके मी मोजायला लागलो होतो, पण आई मध्येच हसली आणि माझा आकडा चुकला. बाई दोनदा येऊन बघून गेल्या. “हा तुझा पोरगा आहे की मुकादम?” त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, झिलाच्या कॉलेजचं आहे ते, करू द्या.

मध्येच बाईंनी चहा केला. दोघी उंबऱ्याच्या आतबाहेर बसल्या आणि दादरच्या बहिणीकडच्या डोहाळजेवणाबद्दल बोलल्या. आईही तिथं कामाला गेली होती. मी घड्याळाकडे बघून लिहिलं: चहा व संभाषण, वीस मिनिटे.

मग मोठे कपडे आले. जेलच्या कपड्यांचा तो महिन्याचा दिवस होता, ते आधी झाले. शेवटी जाड पलंगपोस. आईनं तो दगडावरून उचलला, एक टोक आपल्या हाताला गुंडाळलं आणि दुसरं माझ्याकडे केलं.

“ह्या टोक धर रे जरा.”

मी स्टुलावरून उठलो नाही. मी तिला समजावून सांगितलं की निरीक्षण करणाऱ्यानं प्रयोगात हात घालायचा नसतो. घातला तर निष्कर्ष चुकतो. तिनं मान हलवली. तिला पटल्यासारखं दिसलं. मग तिनं बाईंना हाक मारली, आणि बाईंनी हातातली पोळी तव्यावर टाकून येऊन दुसरं टोक धरलं. पीळ देताना आईनं उजव्या हाताऐवजी डावा वापरला आणि मध्येच एकदा थांबली. मी लिहिलं: पलंगपोस पिळण्यास दोन माणसे. त्याच्यापुढे कंसात लिहिलं: नेहमी नाही.

अहवाल लिहायला मला आठ दिवस लागले. कोष्टकात तीन यंत्रांचे तीन रकाने होते, आणि चौथ्या रकान्यात आई होती. तिचं नाव मी घातलं नाही. ‘प्रचलित पद्धती’ असं लिहिलं. वीज: शून्य. पाणी: सर्वांत कमी. साबण: सर्वांत कमी. लुगड्यास अनुकूल: होय. बटणे तुटणे: नाही. रुळांत बटणं तुटतात हे मला फोर्टातल्या माणसानं नव्हे, त्याच्या शेजारच्या दुकानातल्या माणसानं सांगितलं होतं, तरी मी ते ठळक लिहिलं. बिघाड: नऊ वर्षांत चार दिवस, तेही गावाला गेल्यामुळे. सुटे भाग: गरज नाही.

आकडे सगळे खरे होते. मी एकही बदलला नाही. फक्त आईचे हात कुठल्या रकान्यात घालावेत हे मला कळलं नाही. सोड्यानं तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असत आणि रात्री ती त्यांना खोबरेल लावायची. पण याचं एकक काय? जे मोजता येत नाही ते लिहू नये, असं मला शिकवलं होतं, आणि ते शिक्षण त्या वेळी मला फार सोयीचं पडलं. निष्कर्ष असा निघाला की खात्री आणि काटकसर या दोन्ही दृष्टींनी प्रचलित पद्धती सर्व यंत्रांपेक्षा सरस आहे; सबब नवीन यंत्र घेऊ नये. विज्ञान आणि आईचं काम ही दोन्ही मी एकाच वाक्यात वाचवली होती.

शनिवारी मी अहवाल साहेबांना उभ्यानं वाचून दाखवला. बाई आतल्या दारात होत्या. साहेब आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. चौथा रकाना आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आणि निष्कर्ष ऐकून ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

“शाब्बास. असा पुरावा कोर्टात मिळत नाही,” ते म्हणाले. त्यांना अहवालातली एकच गोष्ट आवडली नव्हती. मी साप्ताहिक कपड्यांच्या यादीत ‘न घातलेले, परंतु नियमित धुतले जाणारे: दोन जोड’ अशी नोंद केली होती, ती त्यांनी पेन्सिलीनं खोडायला सांगितली. बाकी सगळं मान्य झालं. त्यांनी मला त्यांचं एक जुनं फाउंटनपेन बक्षीस दिलं.

बाईंनी फक्त एक विचारलं. “आणि पिळण्याचं काय लिहिलंस?”

मी पान उलटून वाचलं: दोन माणसे, नेहमी नाही.

“बरं,” असं म्हणून त्या आत गेल्या. यंत्र न मिळाल्याचा त्यांना राग आला असणार, असं मला वाटलं आणि त्यांच्याबद्दल थोडं वाईटही वाटलं. दादरच्या नणंदेपुढे त्यांना कमीपणा येणार होता.

घरी येऊन मी आईला निकाल सांगितला. तुझ्यासारखं यंत्र अमेरिकेतही नाही, असं मी हसत हसत म्हणालो. ते वाक्य मी ट्राममध्ये तयार केलं होतं. आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, “म्हणजे नाय घेणत?”

मी म्हटलं, नाही घेत. तुझं काम राहिलं.

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “बरा झाला. आता जेव.”

तिला आनंद बोलून दाखवता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

पुढच्या दोन वर्षांत अहवालाचा परिणाम तसा थोडाच झाला. साहेब तो आल्यागेल्याला वाचून दाखवत. वीस मिनिटं चहाला जातात हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं, आणि चहाच्या वेळी ते गमतीनं गॅलरीत डोकावून घड्याळ दाखवायचे. गमतीनंच. पण आई आणि बाई चहा उभ्यानं प्यायला लागल्या. आईच्या उजव्या मनगटाला एक चिंधी बांधलेली असायची. मी विचारलं तेव्हा तिनं मुरगळलं म्हणून सांगितलं. पुन्हा पावसाळ्यात विचारलं, तेव्हाही मुरगळलंच होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि घर्षणावरचा भाग मला कठीण जात होता.

मग राज्य झालं. मुंबईसकट झालं. आमच्या चाळीत गुलाल उधळला, दारादारात कंदील लागले. वडील रात्रपाळी करून आले होते, तरी झोपले नाहीत. आई तेव्हा मामाकडच्या लग्नासाठी गावाला गेली होती आणि तिची गाडी दोन दिवस उशिरा निघणार होती. तो निरोप आणि पेढे घेऊन मी गिरगावात गेलो.

साहेब घरी नव्हते. आयुष्यात तुरुंग आला नाही, निदान विजयोत्सव तरी साजरा व्हावा, म्हणून त्यांनी कपाटातले जेलचे कपडे काढले होते आणि ते घालून मिरवणुकीला गेले होते. बाईंनी सांगितलं की सदरा जिन्यातच पाठीवर उभा फाटला. एकदाही न घालता तो धुऊन धुऊन विरला होता. साहेब वरून उपरणं घेऊन तसेच गेले.

आई नसल्यामुळे बाई स्वतः मोरीत धुणं घेऊन बसल्या होत्या. मी पेढे ठेवले, निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पलंगपोसाचं एक टोक माझ्याकडे केलं. “धर. आज तुझी परीक्षा नाही ना?”

मी धरलं. ओल्या पलंगपोसाला इतकं वजन असतं हे मला ठाऊक नव्हतं. वाण्याच्या तराजूत मी लुगडं कोरडं घातलं होतं. बाईंनी एका बाजूनं पीळ दिला, मी दुसऱ्या बाजूनं, आणि माझ्या हातून ते टोक सुटलं. दुसऱ्यांदा धरलं तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. खालून ढोलाचा आवाज येत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की एवढी वर्षं आई हे कसं करते कोणास ठाऊक.

बाईंनी पीळ द्यायचं थांबवलं. “तुला तिनं अजून सांगितलं नाही?”

मी विचारलं, काय?

“यंत्र मला नको होतं रे. मला काय करायचंय? तिला हवं होतं.” त्या पलंगपोस हातात धरूनच बोलत होत्या. “दादरला त्या डोहाळजेवणाला तिनं ते रुळांचं हँडल फिरवून बघितलं. एवढी जाड चादर पापडासारखी बाहेर आली. घरी येऊन मला म्हणाली, बाई, असलं घ्या, मी चालवीन. माझा उजवा हात आता पीळ धरत नाही. कामावरून काढायचं कोणाच्या मनात होतं? तीच चालवणार होती. ह्यांना खर्चाला तयार करायला मी महिना घालवला. शेवटी हे म्हणाले, कोणीतरी अभ्यास करून सांगू दे.”

“मग मला का कोणी सांगितलं नाही?”

“तिनंच नको म्हणून सांगितलं. आधी म्हणाली, त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघून लिहील, त्याला खरं लिहू दे. आणि नंतर तू तो कागद वाचलास, तेव्हा म्हणाली, आता सांगू नका, पोरानं एवढी चार पानं लिहिली आहेत.” बाईंनी पुन्हा पीळ द्यायला सुरुवात केली. “तुझं नाव ह्यांना सुचवलं कोणी, ठाऊक आहे? तिनंच. मला म्हणाली...” आणि इथं बाईंनी आईचाच आवाज काढला, “माझो झील यंत्र बघून आणतलो बाई, ता बरा आसतला. पिळणारा.”